लागणे

आमच्या भाषेत झोप लागते.
जशी ठेच लागते, तहान लागते,
हरवलेल्या माणसाचा पत्ता लागतो.
ती कुणी लावत नाही.
हे मी अ‍ॅबर्डीनच्या दवाखान्यात
मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू पाहिलं,
तर फियोनाबाईंनी मान डोलावून
एक तक्ता माझ्यापुढे सरकवला:
आडवे चोवीस चौकोन, उभे सात.
झोपली तर हिरवा. जागी असली तर कोरा ठेवा.

शाल्मलीच्या सतराव्या गुणसूत्रातून
एक तुकडा गळलाय,
पोथी शिवताना एखादं पान राहून जावं तेवढा.
त्या पानावर बहुधा लिहिलेलं होतं
रात्र कधी समजायची ते.
तिच्या रक्तात अंधार पडतो दुपारी बाराला;
शाळेत ती मटारांच्या ताटलीत गाल टेकून झोपते
आणि रात्री सव्वादोनला तिच्यात लख्ख उजाडतं.
"आई, आज कुठला वार?"
सांगितला की, "मग उद्या?"
उद्याचा सांगितला की, "मग आज?"

खोलीतलं कपाट काढलं. मग खुर्ची. मग चित्रं.
गादी जमिनीवर, पडदा चारी बाजूंनी चिकटवलेला.
फ्रिजला कुलूप, कारण एका पहाटे तिनं
लोण्याचे दोन पुडे आणि उद्याचे डबे संपवले.
दाराला घंटी, निरंजननं सायकलची काढून बसवलेली.
सोम-बुध-शुक्र तो, मंगळ-गुरु-शनी मी,
रविवारी जो आधी हरेल तो.
लग्नाला नऊ वर्षं झाली. आम्ही भेटतो
पाळी बदलताना, जिन्यात,
एकाच्या हातात उशी, दुसऱ्याच्या हातात कप.

सकाळी अर्धी गोळी: तिच्यातली रात्र दिवसा उगवू नये म्हणून.
निजताना दुसरी: बाहेरची रात्र आत शिरावी म्हणून.
मिरजेहून नणंदेनं जायफळ धाडलं, सोबत सहाण,
दीड किलोची सहाण, विमानानं.
हसू नका, मी उगाळलं.
दोन वेढे, दुधातून.
तिला नाही लागली. उरलेलं मी प्यायले, मला लागली,
आणि ती रात्र नेमकी माझ्या पाळीची होती.

खालच्या मजल्यावरच्या मोरागबाई
एकदा जिना चढून आल्या, तेव्हा
माफीची वाक्यं जुळवूनच मी दार उघडलं.
त्या म्हणाल्या, काल पोर धावली नाही वर,
बरी आहे ना? मी वाट बघत पडले होते.
माझ्या बोटांवरची कणीक वाळून गेली.
त्या बोलत राहिल्या, मुख्यतः गुडघ्याबद्दल.

जून सगळ्यात वाईट. इथं जूनमध्ये
रात्र घाईतल्या पाहुणीसारखी येते,
चप्पल न काढता.
साडेतीनला सीगल धुराड्यावर भांडायला बसतात,
पडद्याच्या फटीतून दुधट रेघ पडते
आणि ती विचारते, "ही सकाळ आहे ना?"
खोटं कसं बोलू?
आहे. पण आपली नाही.
बघ, घड्याळातला ससा निजलाय, कान खाली त्याचे.
ती कान बघते. पटलं, तर स्वतःलाच
दोन्ही हातांनी कवटाळते, गच्च, थरथरत, आनंदानं.
या आजाराची मुलं असं करतात,
पुस्तकात दिलंय.
ते बघताना राग धरून ठेवता येत नाही,
हे दिलेलं नाही.

काल, म्हणजे आजच, तीन वीसला
मी भिंतीला टेकले एवढं आठवतं.
उठले तर पाच.
पायांवर तिचं पांघरूण,
एक पाय झाकलेला, एक उघडा.
घंटी वाजली नव्हती. ती दाराशी बसलेली,
हातात हिरवं स्केचपेन, मांडीवर तक्ता.
सगळे चौकोन भरलेले.
आजचे, कालचे, पुढल्या आठवड्याचा कोरा कागदही,
रेघा ओलांडून थेट माझ्या गाउनच्या काठापर्यंत.

तेवढ्या वेळात ती झोपली की नाही
मला माहीत नाही.
फियोनाबाईंना तक्ता तसाच पाठवतेय.